पक्के मार्क

मार्च लागला की नाशकात दोन गोष्टी स्वस्त होतात, द्राक्षं आणि सल्ले. इंदिरानगरच्या वळणावर हातगाड्या उभ्या राहतात. घडांवर पाणी मारून मारून गाडीवाल्याची बोटं सुरकुतलेली असतात, आणि खाली गळालेले मणी चपलेला चिकटून थेट घरात येतात. पहाटे अजून पांघरूण लागतं, दुपारी डोकं तापतं. आणि ज्या त्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी काका कुणातरी पोराला थांबवून विचारत असतात, "काय, किती पडतील?" पोरगं सांगेल त्या आकड्यातून काका मनातल्या मनात दहा वजा करतात. हे पोरालाही ठाऊक असतं, म्हणून ते दहा वाढवूनच सांगतं. दोघंही समाधानाने आपापल्या मजल्यावर जातात.

मला हा मोसम आवडत नाही, स्पष्टच सांगते. परीक्षेची स्वप्नं पडून दचकून उठणाऱ्यांतली मी नाही. परीक्षांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. जे झालं ते निकालानंतर झालं, आणि तेसुद्धा निकाल चांगला लागला म्हणून झालं. यंदा माझी मुलगी ऋचा नववीत आहे. तिच्या टेबलावरचं वेळापत्रक, तासलेल्या पेन्सिलींचा तो लाकडी वास, दाराच्या कडीला अडकवलेलं पॅड हे सगळं बघितलं की मी आपोआप माझ्या नववीत जाते. तिथे माझं फारसं स्वागत होत नाही, तरी जाते.

आम्ही तेव्हा इंदिरानगरातच राहायचो, दोन खोल्या आणि एक गॅलरी. अण्णा, आई, वृंदाताई आणि मी. ताई माझ्याहून एका वर्षाने मोठी. पाहुणे आले की आई आमची ओळख करून द्यायची, ती अशी, "ही वृंदा, ही हुशार आहे. आणि ही मंजिरी, हिचे हात फार चांगले." पाहुणे ताईला सतराचा वर्ग विचारायचे आणि माझ्याकडून पोह्यांची बशी घ्यायचे. आईच्या मनात काळंबेरं अजिबात नव्हतं. उलट तिला वाटायचं आपण न्याय केला, एकीला डोकं दिलं, दुसरीला हात दिले, कुणी उपाशी राहिलं नाही. सहामाहीत मला गणितात अठ्ठावन्न पडले तेव्हा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं की तू मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांना सगळं येतं असं नाही. त्या हाताला खोबरेल तेलाचा वास होता. मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की ते वाक्य मी लगेच खरं मानून टाकलं.

माणूस स्वतःबद्दलचं मत स्वतः बनवतो, असं हल्ली सगळीकडे सांगतात. आमच्या कंपनीतही वर्षातून एकदा एक गृहस्थ येतात, सगळ्यांना उभं करून डोळे मिटायला लावतात आणि 'मी समर्थ आहे' असं दहा वेळा म्हणवून घेतात. रोज सकाळी आरशासमोर म्हणा, असंही बजावतात. आरशाचं काय जातं, तो म्हणाल ते ऐकून घेतो. पण मत तिथे बनत नाही. ते बनतं चहाचा ट्रे हातात असताना, पाहुण्यांसमोर, आपल्याबद्दल आपल्या देखत कुणीतरी अर्धं वाक्य बोलून जातं तेव्हा. आणि बोलणारं माणूस प्रेमाचं असलं तर ते धुऊन निघत नाही. शत्रूने म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी ताई दहावीला होती. दहावी म्हणजे बोर्डाची परीक्षा, आणि नववी म्हणजे घरची परीक्षा, असा आमच्याकडे स्वच्छ हिशेब होता. टीव्हीवर चादर पडली. कुकरची शिटी ताई शाळेत असतानाच झाली पाहिजे, असा नियम निघाला. मला घरकाम लागलं. पहाटे ताई आतल्या खोलीत मोठ्याने पाठ करायची आणि मी ओट्यापाशी कणीक मळायची. पुस्तक डब्याला टेकवून उभं केलेलं असायचं, पान उलटायला कोपर वापरायचं. माझ्या गणिताच्या पुस्तकाला कित्येक ठिकाणी पिठाची बोटं होती. मी किती वेळ वाचते, काय सोडवते, हे बघायला कुणालाच सवड नव्हती. कदाचित त्यामुळेच त्या वर्षी माझा अभ्यास झाला. भूमितीत एकदा काहीतरी उलगडलं आणि मग उलगडतच गेलं. त्रिकोणाच्या आत त्रिकोण दिसायला लागले. पोळी लाटताना हसू यायचं मला. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

ताईच्या पेपरांना आई रोज तिच्या हातावर दहीसाखर घालायची, अण्णा केंद्रापर्यंत सोडायला जायचे. माझे पेपर सुरू झाले तेव्हा दही विरजलेलं होतं, पण आई ताईच्या सुट्टीच्या तयारीत होती. मी माझी मीच एक चमचाभर खाऊन गेले. याचं दुःख तेव्हा झालं नाही, आत्ता लिहिताना मात्र होतंय.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. आमच्या वर्गशिक्षिका देवरे बाई. त्यांनी माझं नाव दुसऱ्या नंबराला घेतलं. मी उठलेच नाही. शेजारच्या मुलीने कोपराने ढोसलं तेव्हा उभी राहिले. गणितात शंभरापैकी एक्क्याऐंशी. प्रगतिपुस्तक छातीशी धरून मी घरी आले ते उन्हातून, सावली सोडून रस्त्याच्या मधून, आणि मला ऊन लागत नव्हतं. आपण कुणीतरी आहोत असं वाटण्याची ती दुपार. चार तास टिकली. अण्णा साडेसहाला कचेरीतून आले.

अण्णा एका सरकारी कार्यालयात कारकून होते. कागद पडताळण्याचं त्यांचं टेबल. त्यांच्या हाताखालून चुकीचा कागद कधी पुढे गेला नाही, असं त्यांचे साहेबही म्हणायचे. घरातही तेच. एकदा शेजाऱ्यांची आंब्याची पेटी चुकून आमच्या दारात ठेवली गेली. शेजारी गावाला गेलेले. आंबे पिकले, घरभर घमघमाट सुटला, आम्ही दोघी पेटीभोवती मांजरीसारख्या फिरलो, पण अण्णांनी पेटीची दोरीसुद्धा सोडू दिली नाही. शेजारी परत आले तेव्हा निम्मे आंबे नासलेले होते. "नासले तरी त्यांचेच नासले," अण्णा म्हणाले. या बाण्याचा आम्हाला अभिमान होता. मला अजूनही आहे, हीच तर पंचाईत आहे.

त्यांनी चष्मा लावला, माझं प्रगतिपुस्तक उघडलं, पेन्सिलीने सगळ्या विषयांची बेरीज केली. बेरीज जुळली. मग ते गणिताच्या रकान्यावर थांबले. सहामाहीचा आकडा बघितला, वार्षिकचा बघितला, पुन्हा सहामाहीचा बघितला. रागावले नव्हते. त्यांच्या कपाळावर कचेरीतली आठी होती.

"हे कसं काय?" ते म्हणाले.

भूमिती उलगडली, असं कसं सांगणार? आईने आतून विचारलं, काय झालं. अण्णा म्हणाले की काहीतरी घोटाळा झालेला दिसतो, कुणाचे तरी मार्क हिच्याकडे आलेत. आई बाहेर आली, तिनेही बघितलं, आणि तिला माझी दया आली. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पोरीला उगाच आशा लागली, असा तो चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी अर्धी रजा टाकली आणि मला घेऊन शाळेत आले. देवरे बाई शिक्षकखोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत बसल्या होत्या. अण्णांनी नम्रपणे सगळं सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, अहो, तिने अभ्यास केलाय या वेळी. अण्णाही हसले. मग त्यांनी जे म्हटलं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"केला असेल. पण एकदा पेपर बघून घेऊ या, बाई. आपल्याकडे जास्तीचं आलं असेल तर दुसऱ्या कुणाच्या मुलीवर अन्याय व्हायला नको."

बाईंनी गठ्ठ्याची सुतळी सोडली. माझा पेपर काढला. टेबलाच्या एका बाजूला त्या, समोर अण्णा, आणि अण्णांच्या खांद्यामागे मी. बाई पानामागून पान उलटत लाल पेनाने एकेक मार्क मोजत गेल्या. शेवटी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा मोजलं. त्यांचा चेहरा उतरला, माझ्यासाठी नाही, स्वतःची चूक निघाली म्हणून. बेरजेत तीन मार्क जास्त पडले होते. एक्क्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले. बाईंनी आकडा खोडला, नवा लिहिला, शेजारी सही केली. दुसरा नंबर गेला, तिसरा आला. अण्णांनी दोन्ही हात जोडून त्यांचे आभार मानले.

आता जे सांगते ते इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. बाई शेवटचं पान उलटत होत्या तेव्हा मला ते अण्णांच्या खांद्यावरून उलटं दिसलं. भूमितीचं शेवटचं उदाहरण, चार मार्कांचं. मी ते सोडवलं होतं, आकृती काढून, कारणं लिहून. त्याच्याशेजारी काहीच नव्हतं. ना बरोबरची खूण, ना चूक, ना शून्य. ते उदाहरण तपासायचंच राहून गेलं होतं. तीन गेले तरी चार यायचे होते. एक बोट पुढे करून मला ते दाखवता आलं असतं. मी बोट मुठीत मिटून घेतलं. अण्णांचं म्हणणं खरं निघालं होतं, ते खूश होते, बाई ओशाळल्या होत्या. आणि खरं कारण असं की मला वाटलं, ते उदाहरण चुकलंच असेल. आदल्या दिवसापर्यंत ते बरोबर होतं.

बाहेर पडल्यावर अण्णा मला द्वारकेच्या चौकाजवळ रसवंतीत घेऊन गेले. ताईशिवाय मला एकटीला घेऊन ते कुठे गेल्याचा हा एकमेव प्रसंग. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, बाकावर माश्या होत्या, उसाच्या रसात आलं-लिंबू होतं. अण्णांनी स्वतःचा अर्धा पेला माझ्या पेल्यात ओतला आणि फार मायेने म्हणाले, "बघ, आता हे मार्क पक्के तुझे."

मी मान डोलावली. रस गोड होता. त्या दिवशी मला वाईटसुद्धा वाटलं नाही. वाईट वाटण्यासाठी आपलं काहीतरी गेलं असं वाटावं लागतं.

सुट्टीत आम्ही मामाकडे कळवणला गेलो. उन्हाळ कांदा निघाला होता. अंगणात कापडाच्या सावलीखाली बायका कांदा निवडत बसायच्या. मोठा एका ढिगात, बारका दुसऱ्या ढिगात. बारक्याला तिकडे गोल्टी म्हणतात. माझे हात चांगले, त्यामुळे मला लगेच कामाला बसवलं. ताई घरात पंख्याखाली, दहावीचा ताण उतरायला. हात आपोआप चालत होते आणि काय होतंय ते माझ्याही लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने मामी माझ्याजवळ उकिडवी बसली आणि गोल्टीच्या ढिगातून एकेक मोठा कांदा बाहेर काढायला लागली. पाच काढले, दहा काढले.

"काय गं मंजे, नजर कुठं हाय तुझी?" मामी म्हणाली. "एवढाले कांदे गोल्टीत? तिथं पडला का मंग त्याला कोणी इचारत नाय, सांगून ठेवते."

मी चुकले म्हणाले. मामीने ते कांदे परत मोठ्या ढिगात टाकले. कांद्यांचं एक बरं असतं, मामी असते.

पुढचं आयुष्य काही वाईट गेलं नाही. रडगाणं गायला बसलेली नाही मी. दहावी झाली, बारावी झाली, रसायनशास्त्रात पदवी घेतली. प्रत्येक निकालाला मी आधी गुणपत्रिकेवरचं नाव वाचायची, मग आईचं नाव, मग बैठक क्रमांक, आणि सगळं जुळलं तरी दोन दिवस कुणाला सांगायची नाही. सातपूरच्या एका औषध कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी तिथे जाऊन विचारून आले की हे मलाच पाठवलंय ना. तिथल्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की नोकरी त्याच क्षणी जायची. अरुण मला बघायला आला तेव्हा पाच मिनिटं आम्हाला गॅलरीत बोलायला सोडलं होतं. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला ताईचं लग्न ठरलंय हे माहीत आहे ना? त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो खदाखदा हसला आणि त्याने तिथेच होकार दिला. लग्नाला बावीस वर्षं झाली, नातेवाईक जमले की हा किस्सा तो अजून सांगतो. सगळे हसतात, मीही हसते. ती थट्टा नव्हती, हे त्याला सांगण्याची वेळ निघून गेली.

कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासायच्या, चूक शोधायची. या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही. कुठलीही गोष्ट बरोबर असेल यावर माझा विश्वासच नसतो, त्यामुळे चूक सापडतेच. सहा वर्षांपूर्वी साहेबांनी मला बोलावून विभागाची जबाबदारी घेता का म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, सर, एकदा पुन्हा बघता का, माझ्यापेक्षा योग्य कुणी असेल. साहेब सभ्य होते. माणसाला पुन्हा बघायला सांगितलं की तो बघतो. त्यांना माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मीच काम शिकवलेला एक जण दिसला. आता मी तपासलेल्या कागदावर शेवटची सही त्याची असते. तो मला मॅडम म्हणतो, खुर्ची देतो. मला त्याचा राग येत नाही. मला तेव्हा घरी येताना हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकं वाटण्याचा मात्र आता फार राग येतो.

आई जाऊन सात वर्षं झाली. अण्णा एक्क्याऐंशीचे आहेत. इंदिरानगरच्या त्याच घरात राहतात, दिवसभर एक बाई सोबतीला असते. मी रविवारी जाते, त्यांची नखं काढते, डोळ्यांत औषध घालते. परवाच्या रविवारी जाताना द्राक्षं नेली होती. खिडकीतून कडुनिंबाच्या मोहोराचा वास येत होता, खाली कुणाचं तरी पोरगं इतिहास पाठ करत होतं. अण्णांच्या डोळ्यांवर ओला कापूस होता. कदाचित त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून मला धीर झाला. मी विचारलं, अण्णा, माझ्या नववीच्या निकालाला तुम्ही शाळेत आला होतात, पेपर पुन्हा मोजायला लावला होतात, आठवतं का?

अण्णांनी आठवून बघितलं. मनापासून बघितलं, हे मी सांगते. कपाळावर आठीही आली.

"छे गं," ते म्हणाले. "तुझ्या शाळेत मी कशाला येईन? तुझी कधी काळजीच करावी लागली नाही."

हे ते कौतुकाने म्हणाले. मी म्हटलं, बाईंनी तीन मार्क कमी केले, मग आपण द्वारकेला उसाचा रस प्यायलो. रस म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. रस त्यांना आठवत होता, घुंगरूसुद्धा आठवत होते. पण ते म्हणाले, ती वृंदा, तिच्या दहावीच्या निकालाला गेलो होतो आम्ही. मी म्हटलं, अण्णा, ती मी होते. त्यांनी डोळ्यांवरचा कापूस बोटाने सारखा केला. मग म्हणाले, "तुझी काहीतरी गल्लत होते आहे. वृंदाला फोन करून खात्री करून घे."

आणि मी केला. हसू नका, पण मी खरोखर केला. त्यांच्या गॅलरीत उभी राहून पुण्याला फोन लावला. ताई म्हणाली तिला रसाचं काही आठवत नाही, पण अण्णा म्हणतात म्हणजे असेल. मग म्हणाली की तिला त्या निकालाच्या दिवशीचं एवढंच आठवतं की बोर्डाच्या गुणवत्ता यादीत न आल्यामुळे ती न्हाणीघरात नळ सोडून रडत बसली होती आणि अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा बाहेर पेढे ताटात लावत असणार. फोन ठेवल्यावर क्षणभर मलाच शंका आली, कदाचित मी शाळेत गेलेच नव्हते, कदाचित एक्क्याऐंशी कधी पडलेच नव्हते. मी आत आले आणि अण्णांच्या दुसऱ्या डोळ्यात औषध घातलं. त्यांनी डोळे उघडून विचारलं, झाली का खात्री? मी हो म्हटलं.

एवढ्या वर्षांचा राग मनात धरून ठेवला होता. तो घ्यायलाही कुणी उरलं नाही. ज्या सकाळीने मला घडवलं ती अण्णांसाठी कधी उगवलीच नव्हती. ते वाईट असते तर ती त्यांच्या लक्षात राहिली असती. ते फक्त आपलं रोजचं काम करत होते, कागद पडताळत होते.

आता ऋचाचं. त्याच आठवड्यात, बुधवारी, तिच्या सराव परीक्षेचा विज्ञानाचा पेपर पालकांच्या सहीसाठी घरी आला. चाळीसपैकी पस्तीस. मी ऑफिसातून आले होते, चहा उकळत ठेवला होता. तिने पेपर ओट्यावर ठेवला. मी हात पुसला, म्हटलं वा, छान, आणि पेपर हातात घेतला. माझं बोट पहिल्या पानावरच्या पहिल्या मार्कावर कधी गेलं ते मला कळलं नाही. दोन, पाच, सहा. दुसरं पान. ऋचा माझ्या बोटाकडे बघत होती.

"मी मोजलेत, आई," ती म्हणाली. "तीनदा मोजलेत. तू मोजणार म्हणून."

माझं बोट तिथेच राहिलं. चहा उतू जाऊन ओट्यावर आला. मी विचारलं, मग, बरोबर आहेत ना?

"बेरीज बरोबर आहे." मग जराशाने, पायाच्या अंगठ्याकडे बघत, "शेवटच्या पानावरची आकृती सरांनी तपासलीच नाहीये. दोन मार्कांची."

मी पान उलटलं. डोळ्याची आकृती होती, नावं दिलेली, नेटकी. तिच्याशेजारी खूण नव्हती, शून्यही नव्हतं. मी विचारलं, सरांना सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "चुकलीच असेल असं वाटलं."

मी तिला कधी 'हिचे हात चांगले' म्हटलं नव्हतं. पाहुण्यांसमोर तिची ओळख मी मुद्दाम नुसत्या नावाने करून देत आले. शपथ घेतल्यासारखं जपलं होतं ते. पण ती माझं बोट बघत मोठी झाली. तिच्या प्रत्येक वहीवरून, प्रत्येक बक्षिसाच्या कागदावरून फिरणारं बोट. मी कधी काही बोललेच नाही, आणि तिला सगळं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. हो, अर्धीच. तिला घेऊन शाळेत गेले. तिचे विज्ञानाचे सर तरुण आहेत. मी शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. चौतीस वर्षांपूर्वी मिटलेलं बोट उघडायला एवढा वेळ लागला. सर म्हणाले, अरे, राहिलंच की. त्यांनी तिथल्या तिथे दोन मार्क दिले, पस्तीसचे सदतीस केले, सही केली, आणि ऋचाकडे बघून म्हणाले की आकृती वर्गात सगळ्यात चांगली आहे. मला तिथे, त्या शिक्षकखोलीत, रडू येईल की काय असं वाटलं.

परत येताना रिक्षा केली. दुपार चढली होती, रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या गाड्यांवर माश्या घोंघावत होत्या. मी आत बसून मनातल्या मनात जिंकले होते. ऋचा बाहेर बघत होती.

"आई," तिने विचारलं, "आपण गेलो म्हणून दिले असतील ना सरांनी?"

मी म्हटलं, नाही गं. तुझी आकृती बरोबरच होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणखी काहीतरी हवं होतं तिला. मी शोधलं, घाईघाईने शोधलं, आणि तोंडात जे आलं ते मी बोलून गेले.

"आता हे मार्क पक्के तुझे."

तिने मान डोलावली. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने दप्तर उघडलं, पेपर बाहेर काढला आणि पहिल्या पानापासून बोटाने मोजायला सुरुवात केली.